पत्रा बोलला

माझ्या भावाच्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीवर एक गाडी असायची. खडूने काढलेली, पण खऱ्या गाडीएवढी. नाक लांब, छप्पर बुटकं, पुढच्या चाकांवर मडगार्ड नाही आणि बॉनेटच्या जागी उघडं इंजिन. नवीन गिऱ्हाईक तिच्याकडे बघून विचारायचं, "हे काय, मुलांनी काढलंय का?" दादा म्हणायचा, "हो, मोठ्या मुलाने." आणि पुन्हा कामाला लागायचा. मोठा मुलगा म्हणजे तो स्वतः. आई गेल्यापासून त्याला तसं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो आपला आपणच म्हणून घ्यायचा.

दादा डेंटर. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा हातोडीने सरळ करून देणारा. रस्त्यावरचे सगळे त्याला टणटण म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि त्याला राग येत नाही. आमच्या घरात रागाचं खातं माझ्याकडे आहे. मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या गॅरेजला लागून माझी खोली आहे, तिथे मी गाड्यांच्या सीटा शिवते. मधली भिंत इतकी पातळ आहे की माझं मशीन आणि त्याची हातोडी यांचा संसार एकत्रच चालतो. दिवसातून दहा वेळा मी भिंतीवर थाप मारून "जरा हळू!" म्हणायचे, आणि तो अजिबात हळू करायचा नाही. तो मुद्दाम करतो असं मला वाटायचं.

आमचे वडील पत्र्याच्या ट्रंका करायचे. घरातच, पुढच्या खोलीत. आम्ही झोपेतून उठायचो ते त्यांच्या हातोडीने, आणि आई आम्हाला जेवायला बोलवायची ती ताटावर पळी आपटून, कारण तोंडाने हाक मारली तर कुणाला ऐकू जायची नाही. उतारवयात वडील फार मोठ्याने बोलायचे. साधं "पाणी दे" म्हणाले तरी शेजारचे दार उघडून बघायचे. आम्ही त्यांना तापट समजायचो आणि त्यांच्या वाटेला जायचो नाही. त्यांना कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

दादाची कामाची रीत वेगळी होती. बाकीचे डेंटर चेपलेली जागा बऱ्यापैकी वर आणतात, उरलेला खड्डा पुट्टीने भरतात आणि वर रंग मारतात. रंग वाळला की कुणाच्या बापाला कळत नाही. दादाला पुट्टीचा तिटकारा. तो पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हलक्या हातोडीने मारत मारत यायचा, मग थांबून बोटाच्या पेराने टिचकी मारायचा आणि कान द्यायचा. पत्र्यात कुठे ताण राहिला असेल तर आवाज दबका येतो. ताण सगळीकडे सारखा झाला की तोच पत्रा एकदम मोकळा वाजतो. तो आवाज आला की दादा म्हणायचा, "बोलला." गाडी कधी मिळेल असं गिऱ्हाइकाने विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "बोलली की देतो." लोक चिडायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

भिंतीवरच्या गाडीचं खरं अंग गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. आमच्या जन्माच्या आधीची, गोल नाकाची गाडी, भंगारवाल्याकडून आणलेली. ती आणली त्या दिवशी मी ताडपत्री वर करून बघितलं, तर आत सीट नाही, जमीन नाही, एका दाराला कडी नाही.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

"हॉट रॉड."

"म्हणजे नक्की काय?"

"जुनी गाडी घ्यायची. मडगार्ड काढायचे, बॉनेट काढायचं, छप्पर कापून खाली आणायचं, आणि तिला झेपेल त्याच्यापेक्षा मोठं इंजिन बसवायचं."

"म्हणजे म्हातारीला अर्ध्या कपड्यांत पळायला लावायचं."

तो हसला. मग हातोडी खाली ठेवून म्हणाला, "हे बघ, लोकांची गाडी मी जशी होती तशी करून देतो. ठोकर बसलीच नव्हती असं वाटलं पाहिजे. माझं काम दिसलं, तर ते चुकलं. एक गाडी मला अशी करायचीय की बघणारा म्हणेल, ही कुणीतरी केलीय."

"आणि चालवणार कुठे?"

"चालवायचं नंतर बघू. मला तिचा आवाज ऐकायचाय. जन्मभर हातोडीच ऐकली. आधी बाबांची, मग माझी. एक आवाज तरी माझ्या मनासारखा पाहिजे."

एवढं सगळं तो एका दमात बोलला म्हणून माझ्या लक्षात राहिलं. एरवी त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढण्यासारखं असतं.

इंजिन मिस्त्रीने मिळवलं. मिस्त्री म्हणजे समोरच्या बाजूचा इंजिनवाला, दादाचा शाळेपासूनचा मित्र. मालवाहू गाडीतलं इंजिन होतं, अंगापिंडाने भरलेलं. दोघांनी आधी पुठ्ठ्याचं इंजिन कापून भिंतीवरच्या गाडीत टेकवून बघितलं. ते मागे सरकवलं तर पाय ठेवायला जागा उरत नव्हती, पुढे सरकवलं तर नाक जड होत होतं. रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्यांची हीच चर्चा. छपराची रेघ दादा दोरीने काढायचा, दोन टोकांना खिळे आणि मध्ये थोडी ढील. चार बोटं कापायचं की पाच, यावर त्यांनी अख्खा हिवाळा घालवला. मी चहा घेऊन गेले की मलाही मत विचारायचे आणि दोघंही ते ऐकायचे नाहीत.

खरी अडचण वेगळीच होती. दादाकडे गाड्यांची रांग कधी संपायची नाही. ड्रायव्हिंग शाळेची गाडी तर आमची भाडेकरूच होती. शिकाऊ लोक तिला महिन्यातून एकदा तरी कुठेतरी नेऊन आपटायचे. बेकरीवाल्या बाईंची व्हॅन होती. एक निवृत्त मास्तर होते, त्यांची जुनी गाडी मागून पूर्ण आत गेली होती. मुलीला जन्मल्यावर ज्या गाडीतून घरी आणलं, त्याच गाडीतून तिला लग्नाला न्यायचंय, असं त्यांचं म्हणणं. दादा प्रत्येकाला "घेऊन या" म्हणायचा. काढलेली दारं, बंपर, डिकीचं झाकण, सगळं मागच्या भिंतीला टेकवलं जायचं, आणि खडूची गाडी पुसली जायची. कधी छप्पर गेलं, कधी मागचं चाक. रांगेत जरा खंड पडला की तो पुन्हा दोरी लावून गेलेला भाग काढायचा. तेवढ्यात शिकाऊ गाडी पुन्हा दारात.

वहिनी एकदा म्हणाली, "अहो, स्वतःची गाडी स्वतःच पुसणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

"आधी लोकांचं होऊ दे," दादा म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलंय की मला ते ऐकलं तरी डोक्यात तिडीक जाते.

मग एक दिवस शिकाऊ गाडीचं दार माझ्याकडे आलं. आतल्या बाजूचं रेक्झिन बदलायचं होतं. दादाने सांगितलं होतं, दार बोललंय, तू तुझं उरक. मी सवयीने दारावरून हात फिरवला. सीट शिवणाऱ्याचा तळहात डोळ्यांपेक्षा चोखंदळ असतो. कापडाखाली एक सुरकुती राहिली तरी आधी हाताला कळते. त्या दारात कडीखाली एक लाट होती. स्पष्ट.

मी दार उचलून त्याच्याकडे नेलं. "हे बोललेलं नाही."

त्याने टिचकी मारली. कान दिला. "बोललंय की."

"हात लावून बघ."

"तू तुझ्या गाद्या शीव," तो म्हणाला. असं तो मला कधी बोलला नव्हता. मी दार तिथेच टाकलं आणि निघून आले. नंतर भिंतीपलीकडून त्याच दारावर हातोडी चाललेली ऐकू आली, बराच वेळ.

इंजिन बसलं तेव्हा सगळं उघड झालं. छप्पर अजून कापलेलं नव्हतं, पण मिस्त्रीला धीर नव्हता. दारांखालून बाहेरून जाणाऱ्या धुराच्या नळ्या दादाने स्वतः वाकवून जोडल्या होत्या, आत सायलेन्सर घातले होते. चावी फिरवली. माझ्या खोलीतल्या सुया डबीत थरथरल्या. मी धावत गेले, तर दादा इंजिनवर वाकून उभा, कपाळाला आठ्या.

"हे काय," तो म्हणाला, "शिवणयंत्र आहे का?"

त्याने सायलेन्सर काढले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू केली, आणि बेकरीवाल्या बाई पिठाच्या हातांनी रस्त्यावर आल्या. दादा म्हणाला, अजून दबकी आहे. त्याने नळ्या कापून आखूड केल्या. मग आणखी आखूड. चौथ्या खेपेला गाडी चालू झाली तेव्हा मी दोन्ही कान दाबून भिंतीशी उभी होते, रस्त्यावरची माणसं दारात आली होती, आणि माझा भाऊ त्या आवाजाच्या मधोमध उभा राहून मान हलवत होता, नाही, अजून नाही.

मिस्त्रीने गाडी बंद केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो दादाच्या पाठीमागे गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "टणटण, चहा घेणार?"

दादा वळला नाही. मला एकदम बाबा आठवले, "पाणी दे" म्हणून ओरडणारे.

वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही गेले. डॉक्टरीण बाई शांत होत्या. त्यांनी कागदावर कानाच्या आतलं चित्र काढून दाखवलं. हातोडीच्या आवाजाने गेलेलं परत येत नाही, त्या म्हणाल्या. यंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं थोडं सोपं होईल. पण हातोडी अशीच चालू राहिली तर आता उरलंय तेही जाईल. त्यांनी कानांवर घट्ट बसणारी जाड झाकणं लावायला सांगितली. कामाच्या प्रत्येक क्षणी, बाई म्हणाल्या, एकही ठोका उघड्या कानांनी नको.

"कान झाकले तर पत्रा कसा ऐकू येणार?" दादाने विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. आम्हाला दोघींना कळला.

ही झाकणं दादाला बिलकुल आवडली नाहीत. तो त्यांना डबे म्हणायचा. तरी पहिल्या दिवशी त्याने ती निमूट लावली आणि मास्तरांच्या गाडीच्या डिकीवर काम सुरू केलं. ऐकू येत नव्हतं म्हणून तो ठोकत राहिला. जास्त ठोकला की पत्रा ताणला जातो, मग तो कुठेच स्थिर बसत नाही. बोटाने दाबला की आत जातो, सोडला की टक् करून बाहेर येतो. डिकीचं झाकण तसं झालं. दादाने ते दाबून बघितलं, टक्, पुन्हा दाबलं, टक्. आयुष्यात त्याने पत्रा कधी ताणला नव्हता. त्याने डबे काढून कोपऱ्यात भिरकावले आणि उरलेला दिवस उघड्या कानांनी काम केलं.

"पुट्टी भरा की थोडी," वहिनी रात्री जेवताना म्हणाली. "सगळेच भरतात. कान तरी वाचतील."

तो जेवत राहिला. तिने पुन्हा म्हटलं, तरी जेवत राहिला. मग तिने त्याच्या हाताला हात लावला तेव्हा त्याने वर बघितलं, "काय?" त्याने खरंच ऐकलं नव्हतं. वहिनी उठून आत गेली. ती रडत होती हे मला कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं, तर वहिनी आधीच आत होती. हातात ब्रश, पायाशी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. दारं, बंपर सगळं तिने एकटीने ओढून बाजूला केलं होतं आणि खडूच्या रेघांवरून रंगाने गाडी पक्की केली होती. नाक, दोरीने काढलेलं छप्पर, बाहेरच्या नळ्या, सगळं. रेघ जिथे पुसली गेली होती तिथे तिने अंदाजाने जोडली होती, त्यामुळे मागचं चाक किंचित अंडाकृती झालं होतं. साडीच्या काठाला रंग लागलेला. दादा आला आणि बघत उभा राहिला.

"आता पुसून दाखवा," वहिनी म्हणाली. मोठ्याने म्हणाली, त्याला ऐकू जाईल असं. "जेवढं ऐकू येतंय तेवढं आता हिच्यासाठी ठेवा. लोकांना मी सांगते."

आणि तिने सांगितलं. ती शटरशी खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्या डेंटरचा पत्ता द्यायची. पण दोन गाड्या आधीच आत होत्या, मास्तरांची आणि बेकरीवाल्या बाईंची. बाईंचा सगळा धंदा त्या व्हॅनवर. त्या दोन्ही दादा अर्ध्यावर सोडणार नव्हता, आणि पुट्टीही भरणार नव्हता. म्हणजे त्या दोन गाड्या त्याचे उरलेसुरले कान खाणार होत्या. भिंतीवरची गाडी पक्की झाली होती आणि तिचा आवाज ऐकणारा माणूस हळूहळू संपत चालला होता. मी माझ्या खोलीत बसून एक शिवण दोनदा उसवली. मग उठले, कोपऱ्यातले डबे उचलले आणि त्याच्यासमोर धरले.

"लाव हे. आणि हातोडी मार."

"ऐकू कसं येणार?"

"मी सांगते. माझा हात आहे ना."

त्याला त्या शिकाऊ गाडीचं दार आठवलं असावं. त्याने डबे लावले. मीही एक जोडी लावली, वहिनीने सक्तीच केली होती. तो पत्र्यावर वाकला की मला त्याच्या मागे उभं राहावं लागायचं. तो थांबला की मी त्याच्या खांद्यावरून हात पुढे घालून पत्र्यावर तळहात फिरवायचे. आता सांगायचं कसं? दोघांनाही ऐकू येत नाही, आणि त्याची पाठ माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी खुणा करायला दरवेळी पुढे धावत होते आणि तो वैतागत होता. मग ते आपोआप ठरलं. लाट राहिली असेल तर मी त्याच्या पाठीवर बोटाने दोनदा टोचायचे, अजून नाही. सपाट झालं की सगळा तळहात पाठीवर ठेवायचे. तळहात म्हणजे बोलला.

सुरुवातीला त्याचा विश्वास बसायचा नाही. मी तळहात ठेवला की तो डबे काढून टिचकी मारायचा, कान द्यायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर यायचं ते बघवत नव्हतं, कारण टिचकी त्याला ऐकूच यायची नाही. नंतर नंतर त्याने टिचकी मारणं सोडलं. तळहात पाठीवर आला की तो पुढच्या जागेकडे सरकायचा. ताणलेलं डिकीचं झाकण त्याने थोडं थोडं तापवून, गार करून, पुन्हा बसवलं. त्यावर माझी बोटं त्याला किती वेळा टोचली ते विचारू नका. माझी सीटांची कामं तुंबली आणि लोक माझ्यावर चिडले, पण त्या दिवसांत मी कुणावर उलटून चिडले नाही. मला माझंच नवल वाटायचं.

बेकरीवाल्या बाईंची व्हॅन गेली. मास्तर गाडी न्यायला आले, त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्यांनी दादाला काहीतरी सांगितलं. दादा "हो हो" म्हणाला. नंतर त्याने मला हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"मुलीला घेऊन दाखवायला येतो म्हणाले."

"चांगलं बोलले," तो म्हणाला.

मग आमचीच गाडी उरली. छप्पर कापलं. शेवटी साडेचार बोटं ठरली, म्हणजे दोघंही जिंकले आणि दोघंही नाराज. कापलेलं छप्पर खाली आणून पुन्हा जोडायचं, तर मागचा भाग पुढच्याशी जुळत नाही; मध्ये नवा पत्रा घालून सांधावा लागतो, आणि तो सांधा दिसला तर सगळा घाट वाया. या कामासाठी दादा डबे काढेल अशी मला भीती होती. त्याने काढले नाहीत. वहिनी म्हणाली होती तसं तो उरलेलं जपून ठेवत होता. रोज सकाळी तो भिंतीपाशी जाऊन वहिनीच्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवायचा आणि मग छपराकडे यायचा. मी मागे उभी. टोच, टोच. टोच, टोच. आणि कधीतरी तळहात. त्या छपरावर त्याने एक महिना घालवला, आणि माझ्या आयुष्यात मी इतकी शांत कधीच नव्हते.

नळ्यांचा प्रश्न मिस्त्रीने काढला. आखूड नळ्यांनी रस्त्यावर राहणं अशक्य होतं. दादा म्हणाला, "लांब लाव. सायलेन्सर घाल. तुमच्या कानांना बरं वाटेल तसं कर." हे म्हणताना तो चॅसीकडे, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याकडे बघत होता. मिस्त्री तोंड फिरवून नट शोधायला लागला, नट त्याच्या हातातच होता. त्या क्षणी मला कळलं की दादाने मनातून ती गोष्ट सोडून दिली आहे. गाडी होईल, बघणारा म्हणेल ही कुणीतरी केलीय, पण आवाज बाकीच्यांनी ऐकायचा. मला इतका राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना.

सीट माझ्याकडे होती. भिंतीवर त्याने जाड, फुगीर सीट काढली होती, वहिनीने ती तशीच रंगवली होती. आमच्या धंद्यात सीट कशासाठी असते? गाडीचे हादरे माणसापर्यंत पोचू नयेत म्हणून. आधी स्प्रिंग, मग पट्टे, मग फोम, मग आणखी फोम, मग कापड. जन्मभर मी लोकांना गाडीपासून दूर ठेवत आले. मी फोम कापून ठेवला होता. तो टेबलावर पडलेला होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले. मग मी तो उचलून कोपऱ्यात टाकला. स्प्रिंगही काढल्या. पाठीची फळी मी थेट चॅसीला बोल्टने आवळायला लावली, मिस्त्रीला कारण न सांगता, आणि तिच्यावर नुसतं चामडं ताणून शिवलं. इतकं घट्ट, की शिवताना अंगठ्यातून रक्त आलं. चांगली बारीक शिवण घातली. वरून बघणाऱ्याला सीट भिंतीवरच्या सीटसारखीच दिसावी म्हणून कडेला थोडी गोलाई दिली, पण पाठ टेकायची तिथे चामड्यामागे नुसती फळी.

गाडी रंगवून आली त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे गॅरेजमध्ये होतो. वहिनी खुर्चीवर, हात मांडीवर घट्ट. मिस्त्री उघड्या इंजिनपाशी. दादाने डबे खिळ्याला अडकवले, केस सारखे केले, जणू कुणाला भेटायला जायचंय, आणि बुटक्या छपराखाली वाकून आत बसला. मी दारापाशी उभी राहिले. त्याने आधी सीटवर हात दाबला, मग पाठ टेकली, आणि माझ्याकडे वळून मोठ्याने, फार मोठ्याने म्हणाला, "गादी घालायला विसरलीस."

"विसरले नाही," मी म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही.

मिस्त्रीने हात वर केला. दादाने चावी फिरवली. गाडी चालू झाली, सायलेन्सरमुळे रस्त्याला सोसेल अशा भारदस्त आवाजात. आवाज खरंच सुंदर होता. वहिनी रडायला लागली. दादा थोडी मान वाकडी करून कान देत होता, पत्र्याला द्यायचा तसा, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच येत नव्हतं. मला वाटलं, संपलं.

मग त्याने पाय हलकेच दाबला. इंजिन चढलं. त्याची वाकडी मान सरळ झाली. त्याने पाय सोडला, पुन्हा दाबला, आणि पाठ सीटला नीट टेकवली, डोकंसुद्धा. डोळे मिटले. तो पाय दाबत होता, सोडत होता, दाबत होता, आणि प्रत्येक वेळी काहीतरी त्याच्या मणक्यातून वर चढून चेहऱ्यावर येत होतं. बाबांचं काम संपत आलं की ते ट्रंकेवर हात टेकून असेच बसायचे. मिस्त्रीला काही कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. मी सीटच्या पाठीकडे बोट दाखवलं.

बऱ्याच वेळाने दादाने डोळे उघडले. गाडी चालूच होती. त्याने सीटच्या चामड्यावरून बोट फिरवलं, आतली फळी चाचपली, मग माझ्याकडे बघितलं. दारातून हात बाहेर काढला, मला जवळ ओढलं, आणि सगळा तळहात माझ्या पाठीवर ठेवला.